देवाचं भय गेलं म्हणून नीती जाते का?

एक मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेतून धर्म गेला आणि त्याच्यामागोमाग मुलांची नीतीही गेली, देवाचं भय नसलेला माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो, सोव्हिएत संघाचा स्टालिन आणि कंबोडियाचा पोल पॉट हे हुकूमशहा त्याचे पुरावे, म्हणून शाळेत पुन्हा धर्मशिक्षण सुरू करा. मी नास्तिक आहे आणि शिक्षण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना मुलांची खरोखरच काळजी वाटते, हे मी जाणतो. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

पहिला मुद्दा: बरं-वाईट काय, हे मुलांना देवाच्या आज्ञेवरूनच कळतं.

हे तपासून पाहता येतं आणि तसं ते पाहिलंही गेलं आहे. लॅरी न्यूची आणि एलियट टुरिएल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धार्मिक घरांतल्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. मुलं आमिश-मेनोनाइट (साधं, कडक धार्मिक जीवन जगणारे ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू कुटुंबांतली, म्हणजे धर्माच्या वातावरणात वाढलेली. आमिश मुलांना विचारलं, रविवारी काम करू नये असा नियम देवाने केलाच नसता तर? मग काम करायला हरकत नाही, असं मुलांनी सांगितलं. पण दुसऱ्याला मारणं किंवा चोरी करणं देवाने चालवून घेतलं असतं तर? तरीही ते वाईटच, असं बहुतेकांचं उत्तर होतं. कारण त्यात दुसऱ्याला इजा होते, त्याचं नुकसान होतं. श्रद्धाळू मुलांनीच हा भेद केला: एक नियम आज्ञेवर उभा आहे आणि दुसरा समोरच्या माणसाच्या वेदनेवर. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते, असं ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसाने युथिफ्रो नावाच्या माणसाला विचारलं होतं. त्या प्रश्नाला या मुलांनी आपल्यापुरतं उत्तर दिलं आहे.

दुसरा मुद्दा: भय नसेल तर माणूस बेलगाम होतो.

यावर मला फार बोलायचं नाही, कारण हा मुद्दा श्रद्धाळू माणसांवरही अन्याय करतो. रात्रभर परक्या रुग्णाच्या उशाशी बसणारी भाविक बाई नरकाला घाबरून तिथे बसलेली नसते. आणि अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे, गोपाळ गणेश आगरकर? एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी मिळवायची सोडून त्यांनी शिक्षणाला वाहून घेतलं. सुधारणेचा आग्रह धरल्याबद्दल विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. 1895 साली मरेपर्यंत ते मागे हटले नाहीत, आणि बदल्यात स्वर्ग मिळेल अशी आशाही त्यांना नव्हती.

तिसरा मुद्दा: धर्मग्रंथ हाताशी असला की काय करावं हे स्पष्ट असतं.

गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये 1845 साली फूट पडली. गुलाम बाळगणाऱ्यांनी बायबलमधली वचनं दाखवली, मुक्तीसाठी लढणाऱ्यांनीही त्याच बायबलमधली दाखवली. 4 मार्च 1865 च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी हेच बोलून दाखवलं: यादवी युद्धातल्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. मग कुठलं वचन धरायचं आणि कुठलं सोडायचं, हे कोण ठरवत होतं? साखळदंडातल्या माणसाकडे पाहून ज्याचं मन हललं, त्याने वेगळी पानं उघडली. म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावण्याआधीच काहीतरी ठरलेलं होतं. शिक्षणाने मशागत करायची ती त्या ‘काहीतरी’ची.

चौथा मुद्दा, स्टालिन आणि पोल पॉट. यातलं तथ्य मी नाकारत नाही. त्या राजवटींनी देव नाकारला आणि लक्षावधी माणसं मारली. कुठल्याही नास्तिकाने यावर पांघरूण घालू नये. स्टालिन तरुणपणी तिफ्लिसच्या (आजच्या जॉर्जियातलं तिबिलिसी) ख्रिस्ती धर्मपाठशाळेत शिकला होता, पण त्यावरून धर्मशिक्षणाला दोष देणंही मला पटत नाही. एका माणसाच्या शाळेवरून काहीच सिद्ध होत नाही. पाहायचं ते हे, की त्या राज्यात प्रश्न विचारणाऱ्याचं काय झालं. अनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या आणि स्टालिनचा पाठिंबा असलेल्या लायसेंको या कृषितज्ज्ञाच्या शेतीविषयक सिद्धांतांना विरोध करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव 1943 साली तुरुंगात मेला. 1948 मध्ये तर अनुवंशशास्त्रच बाद ठरवलं गेलं. तिथे देव नव्हता, पण ज्यावर शंका घ्यायची नाही असं पक्षाचं वचन होतं. नुसत्या नास्तिकतेने माणूस शहाणा होत नाही, एवढं यातून मला मान्य आहे. पण नास्तिकतेमुळे समाज कोसळतोच, हे कसं मानायचं? स्वीडन, डेन्मार्क, चेकिया या देशांत धर्माचं आचरण फार कमी उरलं आहे आणि तिथले समाज नीट चालले आहेत.

राहिली शेवटची मागणी, शाळेत धर्मशिक्षणाची. फ्रान्सने 28 मार्च 1882 च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतलं ‘नैतिक व धार्मिक शिक्षण’ काढून तिथे ‘नैतिक व नागरी शिक्षण’ आणलं. नीतीचा तास बंद झाला नाही, उलट विषयांच्या यादीत तो पहिलाच राहिला. शिवाय आईवडिलांना हवं तर बाहेर धर्म शिकवता यावा म्हणून रविवारखेरीज आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा ठेवला. पुढच्या वर्षी शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी शिक्षकांना पत्र लिहिलं. मुलांना नीतीचं काही सांगण्याआधी स्वतःला विचारा, असं त्यात होतं: वर्गात बसलेला एखादा बाप प्रामाणिकपणे याला नकार देईल का? देणार असेल तर ते सांगू नका. ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण ती माझ्यासारख्यालाही बांधते. देव नाही, असं सरकारी शाळेतल्या शिक्षकाने मुलांना सांगावं, असं मी म्हणणार नाही.

मात्र धर्मांची माहिती शाळेत जरूर द्यावी. जगातले लोक काय मानतात, का मानतात, कशावरून भांडले आणि कशामुळे एकत्र आले, हे मुलांना कळलं पाहिजे. जे काहीच मानत नाहीत त्यांची कारणंही त्याच पुस्तकात असावीत. आणि त्या तासाला ‘हे कशावरून?’ असं विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नये.