आमच्या जिन्यातून ते सामान आधी हलवा

तीन आठवडे झाले, दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सव्वासातला आम्ही ऑफिसातले नऊ जण जिना चढतोय. पुढच्या महिन्यात मदतनिधीसाठी जिने चढायची स्पर्धा आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेल्या लहान मुलांच्या राहण्याचा खर्च त्यातून निघणार आहे. काम चांगलंच आहे. मी स्वतः नात्यागोत्यात फिरून पैसे गोळा केलेत, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार जिन्याची आहे. बावीस मजली इमारत, आणि सराव करायचा तो तिच्याच आगीच्या जिन्यात. पाच वर्षं इथे काम करते, पण या जिन्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते सरावाच्या निमित्ताने. सहाव्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्यांची चळत. नवव्यावर कुणाच्या तरी दिवाळीच्या सजावटीचे खोके, थेट कठड्यापर्यंत. चौदाव्यावर पाण्याचे रिकामे जार. तिथे एकामागे एक, अंग चोरून जावं लागतं. आम्ही नऊ जण, दिवसाउजेडी, दिवे चालू असताना, हसतखेळत जातोय तरी अडकतो. धुरात, अंधारात, बावीस मजल्यांची माणसं एकदम खाली धावली तर काय होईल हे कुणालाच दिसत नाही का?

अकराव्यावर तर माझं डोकंच फिरलं. जिन्याचं दार उघडं राहावं म्हणून त्याला टेकण लावलंय, आणि टेकण कसलं, तर आग विझवायचा लाल सिलिंडर! ते दार आपोआप बंद होणारं बनवलेलं असतं, कारण मजल्यावरचा धूर जिन्यात शिरता कामा नये. एकदा शिरला की जिन्याचं धुराडं होतं आणि वरच्या मजल्यांवरची माणसं कोंडली जातात. आगीत पुष्कळ माणसं भाजून नाही, धुराने गुदमरून जातात. कमला मिल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र उलटल्यावर लागलेल्या आगीत तिथे चौदा माणसं गेली. बाहेर पडता आलं नाही म्हणून कित्येक जण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. लोअर परळमध्ये नोकरी करणाऱ्याने हे विसरावं?

मी टीम लीडला सांगितलं. म्हणाला, "अगं, आपण स्पर्धेवर लक्ष देऊ, ते ॲडमिनचं काम आहे." ॲडमिन म्हणतं, सोसायटीला सांगा. सोसायटीचा मॅनेजर म्हणतो, सामान भाडेकरूंचं आहे, त्यांनाच विचारा. आणि एचआरच्या मॅडमनी काय करावं? नवव्या मजल्यावर फोटो काढताना ते खोके फ्रेममध्ये येत होते, म्हणून सगळ्यांना आठव्यावर उभं केलं! मी तिथल्या तिथे बोलले, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू मीच विघ्न आणलं. त्या क्षणी मला खरंच रडू आलं.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, आमच्या लॉबीत काचेच्या चौकटीत लावलंय. सही आहे, शिक्का आहे. त्याच्यापासून सहा मजले वर त्या खुर्च्या आहेत. सही करणारा हा जिना चढला होता का, एवढंच मला विचारायचंय.

आणि आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी! सामानाची लिफ्ट बंद असली की बादली घेऊन याच जिन्याने जातात. परवा त्या जारांना अडखळून पडल्या, गुडघा सुजलाय. आम्ही चढलो की टाळ्या, त्यांना साधं "लागलं का?" म्हणायलाही कुणी थांबलं नाही.

आता विनवण्या बास झाल्या. गुरुवारी सरावाला येताना मी प्रत्येक मजल्याचे फोटो काढणार आहे, तारीख-वेळेसकट, आणि अग्निशमन दलाकडे लेखी अर्ज देणार आहे. अर्ज लिहून तयार आहे. नऊपैकी ज्यांना सही करायची त्यांनी दहाच्या आत माझ्या टेबलाशी यावं. कुणी आलं नाही तर एकटीच्या सहीने जाईल.