"विशेष काही खात नाही हो, डॉक्टर"

गेल्या वर्षी पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली. दुखण्याचं कारण किरकोळ निघालं, पण रिपोर्टात खाली एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड वन. म्हणजे यकृतात चरबी साठायला लागलेली, पहिली पायरी. मी चक्रावलोच. दारूला शिवत नाही, अंगाने पहिल्यापासून काटकुळा. डॉक्टरांनी विचारलं, संध्याकाळी काय खाता? म्हटलं, विशेष काही नाही. काम करता करता बिस्किटं, चिप्स, एखादं कोल्ड्रिंक.

या "एखादं"नेच घात केला होता.

३३० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास नऊ छोटे चमचे. ग्लासभर पाण्यात नऊ चमचे साखर ढवळून कुणी दिली तर दुसरा घोट घ्यायचे नाही तुम्ही. पण तेच गार केलं आणि त्यात आंबटपणा नि फेस घातला, की गोडी लपते आणि घशाखाली उतरतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी बरं. २००० कॅलरी धरल्या तर हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका कॅनमध्येच ओलांडले की!

या साखरेचा साधारण अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा निपटारा मुख्यतः यकृत करतं. रोज गरजेपेक्षा जास्त येत राहिलं की यकृत त्याची चरबी बनवतं आणि त्यातली काही स्वतःतच साठवतं. दुखत नाही, खुपत नाही. वजनाच्या काट्यालाही दर वेळी कळतंच असं नाही. म्हणून "मी कुठे जाडा आहे" हे वाक्य मी आता बोलत नाही. यकृतात आणि आतल्या अवयवांभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही, आणि मधुमेहाची वाट बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

आता मुद्द्याचं. जंक फूडचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "जिभेवर ताबा पाहिजे." मला हे अर्धवट वाटतं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने २० जणांना चार आठवडे एका संशोधन रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर येणाऱ्या ताटात कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) दोन्हीकडे सारखेच. हवं तेवढं खा, हवं तेवढं टाका. प्रक्रिया केलेल्या खाण्याच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साध्या खाण्यावर तेवढंच उतरलं. गंमत म्हणजे दोन्ही जेवणं लोकांना चवीला साधारण सारखीच आवडली होती. फरक पडला तो वेगात. मऊ, चावायला न लागणारं खाणं भराभर आत गेलं. पोटाकडून "पुरे" असा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो, आणि तोवर पाकीट रिकामं झालेलं असतं. त्या २० जणांचा जिभेवरचा ताबा प्रक्रिया केलेल्या खाण्याच्या दोन आठवड्यांत सुटला आणि साध्या खाण्याच्या दोन आठवड्यांत जागेवर होता, असं म्हणायचं का?

मिठाचं थोडक्यात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पाकिटावर मीठ नाही, सोडियम लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणा. चिप्सची खारट चव निदान सांगून येते. ब्रेड, सॉस, इन्स्टंट नूडल्सचा मसाला यांतलं मीठ मात्र बेमालूम. आणि रक्तदाब यकृतासारखाच, मुकाट्याने बिघडणारा.

"हे सगळं विष आहे" म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डांचाही मला तेवढाच कंटाळा आहे. वाढदिवसाला खाल्लेल्या पिझ्झाने कुणाचं यकृत सुजत नाही. माझा प्रश्न रोजच्या चार वाजताच्या खाण्याचा होता. आणि पाकिटावरच्या त्या "एका सर्व्हिंग"चा, म्हणजे एका वेळी एका माणसाने खायच्या वाट्याचा! मी हातातलं अख्खं पाकीट एक सर्व्हिंग समजत होतो. पाकिटाच्या मागे वाचलं तर त्यात तशा तीन सर्व्हिंग होत्या.

चिप्स मी सोडलेले नाहीत. वाटीत काढून घेतो आणि पाकीट कपाटात ठेवून मगच बसतो. नेहमी जमतं असं नाही. कोल्ड्रिंक मात्र बंद केलं. पहिला आठवडाभर दुपारी चारच्या ठोक्याला डोकं दुखायचं. बायको म्हणाली चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळेही तपासून आलो, नंबर तोच. त्या कोल्ड्रिंकमध्ये चहा-कॉफीसारखं कॅफीन असतं आणि ते एकदम सोडलं की डोकं दुखू शकतं, हे तेव्हा कुठे आठवलं.