खुलासा: बागेचं आरक्षण 10 वर्षांनी आपोआप उठत नाही

शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी राखलेल्या जागेबद्दल जळगावातल्या कॉलन्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘आराखड्याला 10 वर्षं झाली, बागेचं आरक्षण संपलं, आता प्लॉट पाडा.’ हे अर्धवट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 127 वाचा. 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदीची नोटीस बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तरच आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द झालं असं धरलं जातं. नोटीसच नसेल तर आरक्षण कायम.

त्या जागेवर आज नुसत्या काटेरी बाभळी आहेत, मान्य. पण शुगर असलेल्या आजोबांना डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात. चालायचं कुठे, डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर चुकवत? तेही खान्देशच्या मे महिन्यात! शंका असेल त्यांनी नगररचना विभागात जाऊन झोन दाखला (जागा आराखड्यात कशासाठी आहे ते सांगणारा कागद) मागावा.