डेटा नवा, स्क्रीन मात्र जुनीच

अ‍ॅपच्या लॉगमध्ये नवीन आकडा. डेटाबेसमध्ये नवीन आकडा. ब्रेकपॉइंट लावून, कोड मध्येच थांबवून बघितलं, तिथेही नवीनच. आणि स्क्रीनवर? जुना आकडा मख्खपणे बसलाय. फोन आडवा केला की मात्र लगेच बरोबर दिसतो. मग काय, बटण दाबल्यावर फोन फिरवा असं युजरला सांगायचं का?

आयफोन अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायचं स्विफ्टयूआय 2019 मध्ये आलं, अँड्रॉइडसाठीचं तसंच जेटपॅक कंपोज 2021 मध्ये स्टेबल झालं. तेव्हापासून एकच पालुपद ऐकतोय: तुम्ही फक्त स्टेट, म्हणजे स्क्रीनमागचा डेटा, बदला, स्क्रीन आपोआप बदलेल. आपोआप, डोंबल! कंपोजमध्ये साध्या म्युटेबल (बदलता येणाऱ्या) लिस्टमध्ये एक आयटम टाका, त्याला पत्ताच नसतो. अँड्रॉइडवर यादी दाखवणाऱ्या जुन्या लिस्टअ‍ॅडॅप्टरची तीच तऱ्हा. त्याच्या सबमिटलिस्ट फंक्शनला तीच लिस्ट परत दिली की 'ही तर माझ्याकडे आहेच' म्हणून तो आत काय बदललंय ते न बघताच परत फिरतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. अरे, क्रॅश तरी हो ना बाबा! निदान स्टॅक ट्रेस मिळेल, कुठे शोधायचं ते कळेल. ही गुपचूप बसायची सवय सगळ्यात वाईट. शेवटी काय, प्रत्येक वेळी लिस्टची नवी कॉपी करून द्यायची.

आयफोनवर कोणीतरी शहाणा सुचवतो, व्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या भागाच्या, आयडीला नवीन यूयूआयडी (एकदम वेगळा ओळख क्रमांक) देऊन टाक. दिला. स्क्रीन बदलली खरी, पण व्ह्यू मुळापासून नव्याने बनला. स्क्रोल थेट वर, कीबोर्ड गायब, टाइप करत असलेलं अर्धं वाक्य गेलं कुठल्या कुठे. आता स्क्रोल जपायला वेगळा कोड, फोकस जपायला वेगळा. एक आकडा बदलायचा होता हो फक्त!

मग उरतो तो रामबाण उपाय: 300 मिलिसेकंद थांबा आणि परत रिफ्रेश करा. 300 का? कुणालाच माहीत नाही. 100 ला माझ्या फोनवर चालतं, टेस्टरच्या जुन्या फोनवर नाही. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम साधारण 16 मिलिसेकंदांची. म्हणजे अठरा-एक फ्रेम युजर चुकीचा आकडा बघत बसणार, आणि वर त्याला आम्ही फिक्स म्हणणार.

तिकडे मीटिंगमध्ये, 'छोटासाच यूआय इश्यू आहे ना, संध्याकाळपर्यंत होईल.' आणि कोड रिव्ह्यूमध्ये दुसरा विचारतो, 'हा डिले कशाला टाकलाय?' काढून बघ की मग! आणि काढलास तर या बगचं तिकीट स्वतःच्या नावावर घे.