डच डावे हरले ते फुटीमुळे नाही

ऑक्टोबर 2025 च्या डच निवडणुकीनंतर एक वाक्य फार ऐकू येतं: डावे एकत्र आले, पण उशिरा आले. मला हे मुळीच पटत नाही.

2006 साली मजूर पक्ष, समाजवादी पक्ष आणि ग्रूनलिंक्स हा पर्यावरणवादी डावा पक्ष, हे तिघे वेगवेगळे लढले होते. जागा मिळाल्या 33, 25 आणि 7. म्हणजे 150 च्या सभागृहात 65. 2025 मध्ये मजूर पक्ष आणि ग्रूनलिंक्स यांनी एकच यादी दिली, फ्रान्स टिमरमन्स यांच्यासारखा अनुभवी नेता पुढे केला, तरी जागा आल्या 20. समाजवाद्यांच्या 3 धरल्या तर 23. टिमरमन्स यांनी त्याच रात्री पद सोडलं. फूट हेच कारण असतं, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

खरी पडझड झाली ती सत्तेत असताना. 2012 मध्ये डिडेरिक सॅमसम यांनी मजूर पक्षाला 38 जागा मिळवून दिल्या आणि ज्यांच्या विरोधात प्रचार केला त्या पंतप्रधान मार्क रुट यांच्याच उदारमतवादी पक्षाबरोबर सरकार केलं. त्या सरकारच्या काळात, 2013 पासून, भाड्याची घरं देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांवर खास कर लागला. स्वस्त घरं बांधणाऱ्यांकडूनच पुढे वर्षाला दीड अब्ज युरोंहून जास्त पैसा काढून घेतला. आज तरुणांना घर मिळत नाही, प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं जातात, त्याला हा कर काही अंशी तरी जबाबदार आहेच. 2015 पासून विद्यार्थ्यांचं सरसकट अनुदान गेलं आणि त्याजागी कर्ज आलं. त्याला ग्रूनलिंक्सनेही मत दिलं! (दोन्ही निर्णय 2023 मध्ये मागे घ्यावे लागले.) 2017 मध्ये मजूर पक्ष 38 वरून 9 वर आला.

पाळणाघर अनुदानाचं प्रकरण तर मला आजही अस्वस्थ करतं. करविभागाने हजारो पालकांना फसवे ठरवून त्यांच्याकडून प्रचंड रकमा वसूल केल्या. दुहेरी नागरिकत्व हासुद्धा संशयाचा निकष होता. 2012 ते 2017 या काळात समाजकल्याण मंत्री होते मजूर पक्षाचे लोडवाइक आस्सर. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं, दुसऱ्या दिवशी रुट सरकारही गेलं. हे प्रकरण धसास लावणाऱ्यांत समाजवादी पक्षाच्या रेन्स्का लायटन होत्या, ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे पीटर ओमझिख्त होते. ज्यांचा जन्मच कष्टकऱ्यांसाठी झाला, त्या पक्षाच्या मंत्र्याला आपल्याच मतदारांचा आक्रोश ऐकू आला नाही.

हाच तो पुढे पंतप्रधान झालेल्या विलेम ड्रेस यांचा पक्ष. युद्धातून उद्ध्वस्त झालेल्या देशात त्यांनी 1947 मध्ये म्हाताऱ्यांसाठी तातडीचा भत्ता आणला, 1957 मध्ये सर्वांना वृद्धापकाळाचं पेन्शन मिळालं. पुढे कामगार संघटनेतून आलेले विम कॉक पंतप्रधान झाले आणि 1995 च्या भाषणात म्हणाले की विचारसरणीची पिसं झटकून टाकणं मोकळं करणारंही असतं. माझ्या मते घसरण तिथूनच सुरू झाली.

दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी विलीनीकरणाला कौल दिला, ते योग्यच. पण आता टिमरमन्स यांच्यानंतर धुरा ग्रूनलिंक्सच्या येसे क्लावर यांच्याकडे आहे आणि त्यांनी 2013 चा तो कर, 2015 चं ते कर्ज, ही आपल्याच बाजूची कृत्यं होती हे स्पष्ट शब्दांत लोकांना सांगायला हवं.

नेदरलँड्समधल्या मराठी मित्रांनो, कायदेशीर वास्तव्याची सलग 5 वर्षं झाली असतील तर डच नागरिकत्व नसतानाही नगरपालिकेला मत देता येतं. डाव्या उमेदवाराला विचारा, आपल्या गावात परवडणाऱ्या भाड्याची किती घरं बांधणार, आणि कुठे.