घोंगडं टोचतं, हे कबूल

नमस्कार ताई,

थंडीत घर आणि कपाट उबदार कसं करावं, या माझ्या लेखावर तुम्ही मुंबईहून चांगलीच खरडपट्टी काढलीत. महाराष्ट्रात एवढी थंडी असतेच कुठे, गोधडी-घोंगडं फोटोत छान दिसतं पण अंगाला टोचतं, त्यापेक्षा सरळ हीटर घ्यावा, आणि रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा सल्ला जिवावर बेतेल.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे चूक निव्वळ माझी. ते वाक्य लेखातून काढून टाकलंय. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही. आजोळी शेगडी असायची ती ओसरीवर, वर कौलं, तिन्ही बाजूंनी वारा. लिहिताना तीच शेगडी मी फ्लॅटच्या काचबंद खोलीत नेऊन ठेवली.

थंडीचं म्हणाल तर मुंबईपुरतं तुमचं खरं. मी निफाडची. इथे पारा पाच-सहाच्या खाली उतरला की द्राक्षबागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आणि आमची घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी: खाली शहाबादी फरशी, खिडक्यांना फटी. रात्रभर अंथरलेली सतरंजी आणि तिच्या शेजारची उघडी फरशी, दोन्ही सारख्याच गार असतात बरं का. पण फरशी तळपायातली ऊब भराभर ओढून घेते, सतरंजी घेत नाही. म्हणून खोलीत पहिला खर्च पायाखाली करा, असं मी लिहिलं होतं. कपाटाचंही तसंच. पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, अशा हवेत एकच जाडजूड जाकीट काय कामाचं? सुती बंडी, वर शर्ट, वर बिनबाह्यांचा स्वेटर. ऊन चढेल तसं एकेक उतरवायचं.

आता घोंगडं. टोचतंच ते. दख्खनी मेंढीची लोकर मुळात भरड, त्यात विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात. नवं घोंगडं पत्र्यासारखं ताठ असतं. पण ते उघड्या अंगाला लावायला सांगितलं कोणी? आत गोधडी, वर घोंगडं. ऊब असते ती थराथरांत अडकलेल्या हवेची. आजीची एक गोधडी दुरुस्तीसाठी मी उसवली तेव्हा आत सात थर निघाले. वर-खाली नऊवारी, मधे धोतरं, आणि चौथ्या थरात बाबांच्या शाळेच्या शर्टाचा खिसा, बटणासकट! बोटभर अंतरावर धावदोरा, त्यामुळे इतकी वर्षं आतलं काही सरकलं नव्हतं की गोळा झालं नव्हतं. आजीला हवेचं गणित कोणी शिकवलं नव्हतं, तिच्याकडे जुनेर होतं आणि नातवंडं सहा होती. लोकरीची आणखी एक गंमत म्हणजे ती आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही. धनगर भर पावसात घोंगड्याची खोळ घेऊन रानात उभा राहतो तो उगाच नाही.

हीटर माझ्याकडेही आहे, सासूबाईंच्या अंघोळीच्या वेळी लावते. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो आणि बंद केला की आमच्या फटींच्या खोलीत अर्ध्या तासात पुन्हा गारठा. आधी फटी बुजवा, दक्षिणेच्या खिडकीचा पडदा दिवसभर उघडा ठेवा. हिवाळ्यात सूर्य त्या बाजूने खालून येतो, ऊन थेट पलंगापर्यंत पोचतं. दिवे लागायच्या आत पडदा ओढायचा.

जाता जाता तुम्ही लिहिलंत की माळ्यावर आईंचं एक घोंगडं पडून आहे, ते आता भंगारात देणार. थांबा जरा. दोन दिवस कडक ऊन दाखवा, काठीने झटका. धुवायचंच तर गार पाण्यात, आणि पिळू नका. गरम पाण्याने लोकर आटते. कसर लागली असेल तर ती घड्यांमध्ये, आधी तिथे बघा.