पपईच्या चिकातून ‘सलाईनचं अमिनो’ निघत नाही

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक कृती फिरतेय: सोयाबीनचं पीठ, पाणी आणि कच्च्या पपईचा चीक ड्रममध्ये आठवडाभर झाकून ठेवा; सलाईनमधलं शुद्ध अमिनो ॲसिड (प्रथिनाच्या साखळीची सुटी कडी) तयार. एन्झाइमचं ते नैसर्गिक, केमिकलचं ते विष.

‘एन्झाइम प्रथिन तोडतं, अमिनो सुटतं.’ अर्धंच खरं. चिकातलं पपेन साखळी मधूनमधून कापतं. हाती येतात ते बहुतेक पेप्टाइडचे, म्हणजे अनेक कड्यांचे, तुकडे. सुटी ॲसिडं थोडी, तीही सगळी एकमेकांत मिसळलेली. शिवाय पपेनला मानवतं साठ-पासष्ट अंश तापमान; सोलापूरचा मे महिनाही तिथवर जात नाही. तोवर जंतू पिठाचा ताबा घेतात, अमोनिया सुटतो. झाकण काढताच नाकाला कळतं.

‘म्हणजे ते शुद्धच.’ शुद्ध माल हवा असेल तर उद्योगात सहसा प्रथिन फोडत बसत नाहीत. काही अमिनोंसाठी एकाच कच्च्या मालावर एकच काम करणारं एन्झाइम निवडतात. ॲस्पार्टिक ॲसिड घ्या. जपानच्या तानाबे कंपनीनं १९७३ साली ई. कोलाय या जंतूच्या, ते एन्झाइम असलेल्या पेशी जेलमध्ये अडकवून कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळकांड्यात, भरल्या. वरून अमोनियम फ्युमरेट (फ्युमरिक ॲसिड आणि अमोनिया यांचा क्षार) सोडायचं: साधारण एक मोलर (लिटरमागे एक मोल), सामू ८.५, तापमान ३७ अंश, सोबत किंचित मॅग्नेशियम. खाली आलेल्या द्रावणाचा सामू सल्फ्युरिक ॲसिडनं २.८ वर आणून गार केलं की स्फटिक पडतात. एक किलो फ्युमरिकमागे हिशेबानं १.१५ किलो माल. बिघडतं ते कॉलम तापल्यावर, कारण अभिक्रियेतच उष्णता निघते. एन्झाइम मेलं की फ्युमरेट उरतं, आणि फ्युमरिकही गार आम्लात फारसं विरघळत नसल्यानं त्याच स्फटिकांत बसतं. म्हणून रूपांतर पूर्ण झालंय हे तपासल्याशिवाय ॲसिड ओतायचं नाही.

‘केमिकलचं ते विष.’ तानाबेनंच १९६९ साली रासायनिक पद्धतीनं बनवलेलं डी-एल मिश्रण (एकाच अमिनोची, आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं) घेऊन ॲमिनोॲसायलेज या एन्झाइमनं त्यातलं फक्त एल वेगळं काढलं. उरलेलं डी तापवून पुन्हा मिश्रणात आणलं. केमिकल आणि एन्झाइम एकाच कारखान्यात नांदतात. लायसिन तर जंतूंना साखर किंवा मळी खाऊ घालून करतात; आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने त्या वाटेला पपईपेक्षा जवळचे!

‘सलाईनचंच.’ हे मात्र जीवावर बेतणारं. ई. कोलायसारख्या जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन रक्तात गेलं तर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. ते उकळूनही जात नाही. काढावंच लागतं, मग तपासणी. कुजलेल्या ड्रममध्ये ते किती असेल?

ड्रममधलं पाणी डाळिंबावर फवारायचंच असेल तर दुहेरी फडक्यानं गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. अमोनियाचा वास येत असेल तर नकोच. कोवळी पालवी करपते.